सातचा फोन

"या भागात तुम्ही ऐकत नव्हतात, हे इथे दिसतंय," मानसीने पडद्यावर पेन्सिलीचं टोक टेकवत सांगितलं आणि माझे कान गरम झाले. खरं तर तिने काही आरोप केला नव्हता. ऐकू नका असं तिनेच मला सांगितलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी चकाल्याच्या त्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या त्याच थंड खोलीत मी चौसष्ट वायरींची टोपी घालून अर्धा तास बसलो होतो. केसांत चिकट जेल, कानात एका बाईचा आवाज. पहिली पंधरा मिनिटं ती गोष्ट वाचत होती ती लक्ष देऊन ऐकायची. पुढची पंधरा मिनिटं बाई वाचतच राहणार, पण आपण तिकडे लक्ष न देता समोर आकड्यांचा खेळ खेळायचा. मी इमानदारीत खेळलो. आता त्या दुसऱ्या पंधरा मिनिटांचा निकाल माझ्यासमोर होता. बरंच गणित करून काढलेल्या तीन रेघा. वरची निळी बाईच्या आवाजाची, तिच्याखालची लाल माझ्या मेंदूची. आवाज चढला की क्षणभराने लाल चढत होती, बाई थांबली की ती उतरत होती, खेळाच्या वेळीही, जराशी मंद इतकंच. तिसरी हिरवी रेघ शब्दांची. वाक्यात अनपेक्षित शब्द आला की ती हलते, पण अर्थ लागत असेल तरच. माझी हिरवी रेघ पहिल्या भागात मस्त हलत होती आणि दुसऱ्या भागात बंद पडलेल्या घड्याळासारखी सपाट. आवाज पकडायला ऐकावं लागत नाही, मानसी समजावत होती, कुठे चढला, कुठे उतरला, कुठे थांबला, हे मेंदू आपसूक करत राहतो. अर्थ लावणं हे वेगळं काम आहे. तिशीच्या आतबाहेरची ही मुलगी, हुशार, गोड बोलणारी. तिला काय कल्पना, की ती माझी गेली नऊ वर्षं वाचून दाखवतेय.

मी तिथे गेलो होतो आईसाठी. आठ महिन्यांपूर्वी आईला स्ट्रोक आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. उजवा हात आणि पाय गेला, त्यांच्यासोबत बोलणंही गेलं. आता ती आमच्याच घरी असते, आणि तिच्याकडे एकच आवाज उरलाय, हं. भूक लागली तरी हं, पंखा बंद करायचा असला तरी हं, आणि समोरचा बोलायचा थांबला की त्या जागेवर बरोबर एक हं. तिला कितपत समजतं याबद्दल डॉक्टर हात झटकतात. मानसीची संस्था अशाच पेशंटवर अभ्यास करते, आणि तुलनेसाठी घरातलं एखादं धडधाकट माणूसही टोपी घालून बसवते. तो धडधाकट मी. आईचा निकालही त्या दिवशी मानसीने दाखवला. निळीच्या मागे लाल व्यवस्थित चालत होती, अगदी माझ्या दुसऱ्या पंधरा मिनिटांसारखी. हिरवीचं मात्र काही सांगता येत नाही, ती म्हणाली. शिवाय आमची गोष्ट पुस्तकी मराठीतली, आणि तुम्ही म्हणालात की आई घरात मालवणी बोलतात. पुढच्या वेळी घरच्या बोलीत, ओळखीच्या आवाजात दहा मिनिटांचं सलग बोलणं रेकॉर्ड करून आणाल का? मी हो म्हटलं. बाहेर पॅसेजमध्ये आई व्हीलचेअरवर बसली होती आणि माझी बायको नीलम तिच्या केसांतलं जेल ओल्या नॅपकिनने पुसत तिला पंतनगरच्या भाजीवाल्याचे किस्से सांगत होती. आई हं म्हणत होती. नीलम थांबायची तिथे, बरोबर तिथेच.

माझा धंदाच आवाजाच्या चढउताराचा आहे. साकीनाक्याच्या एका ऑफिसात मी सबटायटल्सचं टायमिंग लावतो. पात्राचं वाक्य कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं, त्या दोन जागांवर खुणा करायच्या. भाषांतर दुसरे लोक करतात. पडद्यावर आवाजाची लहर दिसते, टेकड्या आणि मधल्या सपाट जागा. चार-पाच वर्षं हे काम केलं की कानांना सवय होते. कोरियन, तुर्की, पोलिश, मी कुठल्या कुठल्या भाषांच्या सिनेमांना टायमिंग लावलंय, आणि त्यातला एक शब्द मला येत नाही. माणूस रडत असतो, कोणीतरी मेलेलं असतं, आणि मी त्या रडण्याच्या कडा शोधत असतो. ऑफिसात सगळे म्हणतात, सुबोधसारखा टायमिंगला कोणी नाही. मला त्याचा अभिमान होता. अजूनही असावा, उगाच कशाला खोटं बोलू.

बाबा गेले तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता मी आईला फोन करायचो. बाबांच्या गिरणीच्या पैशातून घेतलेल्या मुलुंडच्या गव्हाणपाड्यातल्या घरात ती एकटी राहायची, मी आणि नीलम घाटकोपरला. आमच्याकडे ये म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, इथे माझी माणसं आहेत. तिची माणसं म्हणजे शेजारच्या शांताबाई, खालचा दूधवाला आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून चाललेली कधीही न संपणारी भांडणं. सातच्या फोनवर ती हे सगळं सांगायची. पहिलं वर्षभर मी खरंच ऐकलं. मग एकदा एक काम अर्धवट राहिलं होतं म्हणून मी तिला इअरफोनवर घेतलं आणि हात चालू ठेवले, आणि माझ्या लक्षात आलं की हे जमतंय. ती बोलते, तिचा आवाज चढतो, उतरतो, एक श्वास घेण्यापुरती जागा सुटते, त्या जागेत हं टाकायचा. मग लांब जागा आली की "मग?" टाकायचा. आवाज खालच्या सुरात गेला की "अगं चालायचंच." वीस मिनिटं छान जायची. फोन ठेवताना ती "जेवलंस मा?" विचारायची तेवढं मला ऐकू यायचं. आठ वर्षं मी एकही फोन चुकवला नाही, तापात नाही, सुट्टीत नाही. आमच्या नातेवाइकांत माझं नाव होतं त्यासाठी. बोरिवलीला राहणारी माझी धाकटी बहीण जया भांडणात का होईना म्हणायची, की दादा, तुझं जमतं बाबा, मला इतका वेळ ऐकून घेणं नाही होत. आणि मी मान खाली घालून विनयाने हसायचो. ते हसणं आता आठवलं की मला माझ्या तोंडात मारावंसं वाटतं.

हुंकाराची सवय मात्र आईनेच लावलेली. लहानपणी परळच्या खोलीत जेवणं झाली की ती मला आणि जयाला गोष्ट सांगायची, मालवणीत, आणि ऐकणाऱ्याने हं म्हटलंच पाहिजे अशी तिची अट. हुंकार नसला तर गोष्ट पुढे जात नाही, ती म्हणायची, तिच्या आईच्या घरी आचऱ्याला तशीच रीत होती. जया लवकर झोपायची. मी डोळे मिटून हं हं करत राहायचो, आणि आईला संशय आला की ती गोष्टीच्या मधेच, आवाजात जरासुद्धा फरक न करता, एक वाक्य सोडायची. मगे राजान हत्ती खाल्ल्यान. राजाने हत्ती खाल्ला. मी झोपेत हं म्हटलं की ती माझ्या कानाची पाळी चिमटीत धरायची, गोष्ट तिथेच संपली, झोप आता. पण मी जागा असलो तर तिच्या गुडघ्यावर दोनदा थाप मारायचो, खोटा, खोटा, आणि मग तिला पुढची सगळी गोष्ट सांगावीच लागायची, कितीही दमली असली तरी. तो नियम होता. बऱ्याचदा ती खरंच दमलेली असायची. दिवसभर कोणाकोणाच्या घरी पापड लाटून आलेली असायची, तिच्या हातांना उडदाच्या पिठाचा वास यायचा, आणि मी दोन थापा मारल्या की ती हसून भिंतीला पाठ लावून नीट बसायची.

मानसीला दहा मिनिटांचं सलग बोलणं हवं होतं, आणि मला वाटलं, नवीन कशाला करायचं. माझ्या फोनवर सगळी बोलणी आपोआप रेकॉर्ड होतात. कामाच्या लोकांसाठी ठेवली होती ती सोय, कारण आमच्या धंद्यात लोक बोललेला शब्द सकाळी विसरतात. आईचेही चौदा महिन्यांचे फोन त्यात साठलेले होते, तारीखवार. तिचाच आवाज तिला ऐकवला तर? ओळखीचा म्हणजे याहून ओळखीचा कुठला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातच मी शेवटच्या आठवड्यातला मंगळवार उघडला. स्ट्रोक गुरुवारी सकाळी आला होता. शांताबाईंना दारातली दुधाची पिशवी दिसली म्हणून कळलं. मंगळवार घेतला कारण तो फोन लांब होता, बावीस मिनिटांचा. सवयीने आवाजाची लहर पडद्यावर पसरली. आईच्या लांबलचक टेकड्या आणि त्यांच्या मधल्या प्रत्येक सपाट जागेत माझं छोटंसं उंचवट्यासारखं हं. एकही आधी नाही, एकही उशिरा नाही. ऐकण्याच्या आधी मी ते नुसतं बघितलं आणि मला बरं वाटलं, एखाद्या कामगाराला आपलं जुनं काम बघून वाटतं तसं. मग मी हेडफोन लावले.

भेंडी महाग झाली होती. टाकीचं झाकण कोणीतरी पळवलं होतं. शांताबाईंचा नातू दहावीला होता. आणि मग त्याच सुरात, भेंडीच्याच सुरात, आई म्हणाली, "आज सकाळी चाय घेताना उजवो हात बधिर झालो रे. कपच सुटलो हातातलो. धा मिनटांनी बरो झालो. डॉक्टराक दाखवक जाव काय, की रवांदे?" इथे एक जागा आहे, सव्वा सेकंदाची. त्या जागेत काही नाही. बहुधा मी तेव्हा एखादी खूण सरकवत असेन. मग ती म्हणाली, "रवांदे मा?" आणि मी म्हणालो, हं. "बरा," ती म्हणाली आणि पुन्हा टाकीकडे गेली. मी ते सतरा वेळा ऐकलं. सतरा हा आकडा मी मुद्दाम मोजला नाही, ती माझी सवय आहे. माझा तो हं इतका मायाळू होता की कोणीही फसावं. राहू दे गं, कशाला उगाच धावपळ, असं त्यात भरलेलं होतं, आणि आत काही नव्हतं.

हॉस्पिटलात त्या गुरुवारी डॉक्टरने विचारलं होतं, आधी एक-दोन दिवसांत काही जाणवलं होतं का त्यांना, हात बधिर होणं, बोलताना अडखळणं. तसं झालेलं असेल तर ती धोक्याची सूचना असते, तेव्हाच आणलं तर पुष्कळदा हे टळतं. मी ताठ मानेने सांगितलं होतं, नाही, मला बोलली असती, आम्ही रोज बोलतो. जयानेही कॉरिडॉरमध्ये रडत विचारलं, दादा, तुला तर काही बोलली नव्हती ना? मी तिच्या पाठीवर हात ठेवून नाही म्हटलं. तेव्हा ते खोटं नव्हतं. ते खोटं व्हायला आठ महिने लागले, आणि झालं ते ऑफिसच्या खुर्चीत, डब्यातली उसळ गार होत असताना. त्या दुपारी मी काही खाल्लं नाही, पण मोठं सांगण्यासारखंही काही केलं नाही. पोलिश सिनेमाचं चाळीस मिनिटांचं टायमिंग लावून दिलं. बरोबर लावलं.

त्यानंतरचे चार दिवस मी बाकीचे फोन ऐकत होतो. मला काय शोधायचं होतं कोण जाणे. कदाचित एखादा तरी फोन, ज्यात मी ऐकतोय. मार्चमधला एक लावला, त्यात ती आचऱ्याच्या घरातल्या फणसाबद्दल सांगत होती, तो कापताना तेल लावलेला कोयता, तिच्या मोठ्या भावाचं बोट, रक्त, आणि मग आवाजात जरासुद्धा फरक न करता, "मगे राजान हत्ती खाल्ल्यान." हं, मी म्हणालो. दोन सेकंद शांतता. फोनवर शांत असताना तिच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. मग, "बरा, तुझा काम चलला आसतला," आणि भाजीकडे वळली. मी हेडफोन काढून ठेवले. पुन्हा लावले. मग एकेक फोन घेऊन मी फक्त हत्तीच शोधत सुटलो. जूनमध्ये एक होता. ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधी दोन. दिवाळीच्या पाडव्याला, मी तिला साडी पाठवली होती त्या दिवशी, तिने साडीचं कौतुक करता करता राजाला हत्ती खायला लावला आणि मी म्हणालो, "मग?" चौदा महिन्यांत नऊ हत्ती. तिने एकदाही कान धरला नाही, एकदाही गोष्ट थांबवली नाही. रेकॉर्डिंगच्या आधीच्या वर्षांत किती झाले असतील ते मला कधीच कळणार नाही.

म्हणजे तिला माहीत होतं. इतके दिवस मी स्वतःला समजावत होतो की निदान तिला तरी वाटलं असेल की मुलाने ऐकून घेतलं. तेही गेलं. मंगळवारी तिने डॉक्टरकडे जाऊ का म्हणून विचारलं ते अशा माणसाला, जो ऐकत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग विचारलं तरी का? त्या सव्वा सेकंदात ती काय करत होती? मी जागा आहे का, हे बघत होती? की तिला विचारायला दुसरं कोणी नव्हतं आणि कोणाला तरी विचारल्यासारखं वाटायला हवं होतं? दुसऱ्यांदा "रवांदे मा" म्हणताना तिने उत्तर स्वतःच माझ्या तोंडात ठेवलं होतं, मला सोपं जावं म्हणून. आयुष्यभर तिने माझं सगळं सोपं करून ठेवलं.

जयाचा रविवारी फोन आला. आईची औषधं, फिजिओथेरपीवाल्याच्या सुट्ट्या, तिच्या नवऱ्याची बदली. मी प्रत्येक शब्द ऐकत होतो, कान फाटेस्तोवर ऐकत होतो, आणि एका जागेवर माझ्या तोंडाशी आलंही, की जया, त्या मंगळवारी. तिने विचारलं, काय रे? मी म्हटलं, काही नाही, मंगळवारी येशील ना. ती येते म्हणाली. नीलमला सांगायचा तर प्रश्नच नव्हता, कारण तिच्याशी माझं वेगळंच भांडण चाललेलं होतं. ती म्हणते, आईंना सगळं कळतं. डोळे बघ त्यांचे. डॉक्टर काहीही म्हणू दे, मी दिवसभर असते त्यांच्यासोबत. पूर्वी मी हे ऐकून सोडून द्यायचो. त्या आठवड्यात मी तिच्यावर खेकसलो, तुला काय मेंदूतलं कळतं, तो नुसता हं आहे, आवाजाला दिलेला आवाज, आत काही पोहोचत नाही. नीलम म्हणाली, तुला असंच हवंय का? मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. कारण हो, मला असंच हवं होतं. स्वतःच्या आईची ती हिरवी रेघ मला सपाट हवी होती. कळत नसेल तर तिला मंगळवारही आठवत नसेल, आणि मी घरात येतो तेव्हा जे वळून माझ्याकडे बघतं ते फक्त एक तोंड असेल, ओळखीच्या आवाजाकडे वळणारं. असं मी माझ्या आईबद्दल मनात म्हटलं, नळाच्या आवाजात, दात घासत.

मानसीची तारीख उद्यावर आली तेव्हा माझ्याकडे दहा मिनिटांचं काही नव्हतं. तिला आईचा कुठलाही फोन देणं मला शक्य नव्हतं. प्रत्येकात मी होतो. संध्याकाळी नीलम खाली कपडे इस्त्रीला टाकायला गेली. आई खिडकीशी तिच्या खुर्चीत होती, उजवा हात उशीवर ठेवलेला, डावा मांडीवर. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजत होते. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो, इतक्या जवळ की माझे गुडघे तिच्या खुर्चीला लागले. फोन रेकॉर्डिंगला लावून खिडकीत ठेवला, आणि मालवणीत सुरुवात केली. माझी मालवणी गंजलेली आहे. घरात नीलमशी मी मुंबईचंच बोलतो, आणि आईशी बोलायची वेळ आली तर हं पुरायचा. एक होती आवस, मी म्हटलं, आणि तिचो एक झील. आई आणि मुलगा. ती मुलुंडाक, तो घाटकोपराक.

"हं," आई म्हणाली.

झील रोज सात वाजता फोन करी. लोक म्हणत, झील असावो तर असो. हं. मी सांगत गेलो. गोष्टीच्या आड बसून सांगणं सोपं होतं. तो झील म्हणजे कोणी दुसराच होता, त्याच्यावर मला मनसोक्त रागावताही येत होतं. आवस बोलत होती आणि झील नुसतो हं हं करी होतो, मी म्हटलं, तो आयकत नव्हतो. हं. वर्सानुवर्सा आयकत नव्हतो. हं. तिचा प्रत्येक हं माझ्या वाक्याच्या शेवटी, श्वास घेतो त्या जागेवर, अचूक. पडद्यावर लहर काढली असती तर मला एकही खूण सरकवावी लागली नसती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. उजवा गाल किंचित ओघळलेला, डोळे माझ्या ओठांवर. आणि मला वाटायला लागलं, ही ऐकत नाहीये. हे मी चांगलं ओळखतो. असा हं फक्त न ऐकणारा माणूसच म्हणू शकतो. खरं ऐकणाऱ्याचा चुकतो, उशिरा येतो, मधे घुसतो. माझ्या छातीवरचं ओझं एकदम हलकं झालं, आणि ते हलकं झाल्याची मला इतकी लाज वाटली की माझा आवाज फाटला. गोष्ट मंगळवारपर्यंत आली होती. पुढचं वाक्य हाताचं, कपाचं होतं. ते सांगावं की नाही? ऐकत नसेल तर काहीही सांगता येईल, सगळं ओकून मोकळं होता येईल आणि उद्या मानसीला दहा मिनिटांचं छान सलग बोलणं देता येईल. फक्त खात्री करून घ्यायला हवी होती. मी श्वास घेतला, आवाज सरळ केला, जराही फरक पडणार नाही इतका सरळ, आणि म्हणालो, "मगे राजान हत्ती खाल्ल्यान."

मी हंची वाट बघत थांबलो. एक सेकंद. दोन. खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती चालू होत नव्हती. तीन, चार. आई माझ्या ओठांवरून नजर काढून माझ्या डोळ्यांत बघत होती. मग तिचा डावा हात मांडीवरून उचलला गेला, हवेत जरा डगमगला, आणि माझ्या गुडघ्यावर पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. दोन थापा.

म्हणजे तिने आवस आणि झील ऐकले होते. आयकत नव्हतो हेही ऐकलं होतं, आणि त्याला हं म्हटलं होतं, कारण ते तिला आधीपासून ठाऊक होतं. मानसी उद्या सांगेल की एका माणसाच्या दोन थापांवरून काही सिद्ध होत नाही, आणि ते बरोबरच असेल. मी खिडकीतला फोन उचलून रेकॉर्डिंग बंद केलं. माझ्या गुडघ्यावर तिचा हात तसाच होता, जड, कोमट. पळून जायला आता कुठलीच जागा नव्हती. दोन थापा पडल्या की पुढची सगळी गोष्ट सांगावी लागते.

"आये," मी म्हटलं, "मंगळवारी तू माका इचारलंस, डॉक्टराक दाखवक जाव काय." मी थांबलो, श्वास घेण्यापुरता. त्या जागेत तिने हं म्हटलं नाही. ती माझ्याकडे बघत बसून राहिली, आणि पुढचं वाक्य मला बोलायचं होतं.